गणपतीच्या पोटातले काज्ये

राघू गेल्या थंडीत गेला. त्याला जाऊन तेरा दिवस होतात न होतात तोच आमच्या मंडळींनी त्याची शोकसभा भरवली. हॉलच्या दाराशी त्याचा फोटो, फोटोला कागदी फुलांचा हार आणि खाली ठळक अक्षरांत ‘कलेचे थोर उपासक’. फोटोत त्याच्या गळ्यात टाय होता. तो नंतर कुणीतरी संगणकावर चढवलेला, कारण राघूने उभ्या जन्मात टाय बांधला नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा वरची दोन बटणे उघडी टाकून बसला होता. आमच्या गावच्या सभेचे सध्याचे प्रधान वीस मिनिटे बोलले. सुरुवातीला एक पाठ केलेले मराठी वाक्य, शेवटी एक पाठ केलेले मराठी वाक्य आणि मधे सगळी या बेटावरची क्रेओल बोली. ‘हा हिरा सर्वांत आधी माझ्या आजोबांनी ओळखला,’ असे त्यांनी सांगितले. मी निवृत्त शाळा-इन्स्पेक्टर म्हणून पहिल्या रांगेत, समोर पाण्याची बाटली. मी टाळ्या वाजवल्या. अशा जागी टाळ्या वाजवण्यात माझा जन्म गेला, हात आपोआप वर येतात. मोका गावी घरी आल्यावर सूनबाईने विचारले, ‘कशी झाली सभा?’ मी म्हटले, ‘छान झाली.’ मग ताट बाजूला सारले आणि वही उघडली.

त्या आजोबांनी हिरा कसा ओळखला ते ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे. म्हणून हे प्रकरण लिहितो. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावे आणि माझ्या दारावरची घंटा वाजवावी. मला हल्ली ती ऐकूही येत नाही.

आमचे गाव बों अक्योय आणि लालमती या गावांच्या मधे, चहूबाजूंनी उसात बुडालेले. समुद्र सायकलवर तासाभराच्या अंतरावर, पण आमच्या लोकांनी त्याच्याकडे पाठ केलेली. पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून जहाजात बसून आले, वाटेत ओकून ओकून अर्धमेले झाले, आणि तेव्हापासून समुद्राचे नाव काढले की म्हातारी माणसे ‘अयो बोंज्ये!’, म्हणजे अरे देवा, म्हणून छातीला हात लावत. मासे मात्र सगळ्यांना हवेत. आमच्या घरी पत्र्याखालची एक खोली, मागे आईचे स्वयंपाकाचे छप्पर आणि छपराबाहेर तिचा मसाला वाटायचा काळा दगड. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत त्या दगडाचा घर्र-घर्र आवाज सुरू होई. बाप इस्टेटीवर बैलगाडी हाकायचा. चाकांना वंगण नसले की त्याची गाडी नदीपलीकडून ओळखू येई आणि आई तवा ठेवी. जाड फराटा म्हणजे पराठा, टोमॅटोची लाल सातिनी म्हणजे चटणी, आणि राघूने काही धरले असेल तर हळद-मोहरीत मुरवलेला मासा. तिसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागे, पण तिसऱ्या दिवसापर्यंत तो क्वचितच उरे.

राघू आमच्या कुंपणापलीकडचा. चौथीतून शाळा सोडलेली, आठवडाभर ऊसतोडणी, आणि रविवार उजाडला की सायकलला बांबू बांधून पोस्त द फ्लाकच्या किनाऱ्यावर. तिथे तोंतों गास्तों नावाचा एक म्हातारा क्रेओल कोळी होता. त्याने राघूला काज्ये विणायला शिकवले. काज्ये म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचा मोठा पिंजरा. त्याचे तोंड नरसाळ्यासारखे आत वळलेले, मासा आत शिरतो आणि बाहेर पडायचे विसरतो. गास्तों काज्ये विणायचा ते मासे धरायला. राघूने विणलेले काज्ये पाहिले की ते पाण्यात सोडवत नसे. कडेच्या पट्ट्या तो एकदा वर, दोनदा खाली अशा घ्यायचा, आणि उन्हात ठेवले की जमिनीवर नक्षी पडायची. गास्तों ती पाहून ‘झोली, झोली’ म्हणायचा, म्हणजे सुंदर. उरलेल्या वेळात तो चित्रे काढी. होड्यांना देऊन उरलेला निळा आणि लाल रंग, सिमेंटच्या पिशव्यांचा कागद, आणि इस्टेटीच्या बैलापासून आमच्या आईच्या वाटणाऱ्या हातांपर्यंत जे दिसेल ते. आईने ते चित्र चुलीमागे लावले होते. धुराने काळे पडले, पण हात शेवटपर्यंत दिसत होते.

गावाला हे दोन्ही धंदे पसंत नव्हते. मासे धरणे हलके आणि चित्रे काढणे म्हणजे रिकामटेकडेपणा. सर्वांत जास्त नाक मुरडायचे ते आबाजी सरदार, म्हणजे भाषणातले ते आजोबा. इस्टेटीवर तोडणीच्या टोळीचे सरदार, गावात सभेचे प्रधान, म्हणजे सोम ते शनी हातात काठी आणि रविवारी हातात पळी. रविवारच्या पूजेनंतर ते मांसमच्छीच्या पापावर बोलत, आणि ते बोलत असतानाच त्यांच्या मागल्या दाराने राघूची टोपली आत जाई. हे सगळ्यांना माहीत होते. माझा बाप तर त्यांच्याच हाताखाली, त्यामुळे आमच्या घरात त्यांचे नाव ‘सरदारबाबा’ याखेरीज निघत नसे.

एक काम मात्र राघूशिवाय अडायचे. गणपती नदीकाठच्या मातीचा करायचा आणि तो करणारा हात सगळ्या पंचक्रोशीत त्याचाच. दरवर्षी हातभर उंचीची मूर्ती, मधे लाकडाची खुंटी. ज्या वर्षाचे मी सांगतो आहे त्या वर्षी सरदारांच्या डोक्यात भरले की गणपती छातीएवढा हवा. राजधानी पोर लुईहून एक साहेब येणार होते, खुद्द हिंदुस्थानातून आलेले, महाराष्ट्रातले, अस्सल. आपल्या खऱ्या देशाचा माणूस आपला खोटा गणपती पाहून हसेल या भीतीने आमच्या मोठ्यांची झोप उडाली होती. मंत्र बरोबर आहेत का, आरती पुरी येते का, धोतर कुठून खोचायचे, सगळ्याची तालीम झाली. एकाला त्या साहेबांचे स्वागत करायचे होते, म्हणून त्याला मी शुद्ध मराठीत चार ओळी लिहून दिल्या. तो त्या आठ दिवस गाईला वैरण घालताना म्हणत होता.

मूर्ती काही उभी राहीना. एवढी माती खुंटीवर टिकत नव्हती. पोट सुकले की भेग पडे, आणि जेवढी उरे तेवढी चौघांना हलत नसे. दोन गणपती राघूने स्वतःच मोडले. चतुर्थीला तीन दिवस उरले तेव्हा तो आमच्या अंगणात येऊन बसला आणि म्हणाला, ‘भिवा, आत पोकळ पायजे. काज्येसारखं इनायचं आनि वरनं माती चढवायची. पन नवीन काज्ये इनाया दोन दिस जातील. बांबू पन नाय.’

मी तेव्हा पुस्तक वाचत होतो. मान वर न करता मी म्हटले, ‘जुनं हाय ना तुजं? त्येच घाल. आतून कोन बगनार?’

हे मी म्हणालो. मी. तो म्हणाला, ‘मासं लागल्यालं काज्ये, द्येवाच्या पोटात?’ मी म्हटले, ‘धुवून घे की.’ आणि पान उलटले.

त्याने ते नदीवर तीन वेळा धुतले. मग हळदीच्या पाण्याने, मग दिवसभर उन्हात. श्रावण लागल्यापासून त्याने माशाला हात लावला नव्हता, खाणे तर दूरच. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी एवढे पाळले नव्हते, सरदारांनी तर नक्कीच नाही. काज्ये उभे करून त्याने त्याच्यावर गोणपाट ताणले आणि गोणपाटावर माती लिंपली. पोट असे भरले की बघणाऱ्याला स्वतःच जेवल्यासारखे वाटावे. सोंडेवर त्याने कडेच्या पट्ट्यांचीच नक्षी कोरली, एकदा वर, दोनदा खाली. त्याच्या हातून एकच गोष्ट राहिली. काज्येचे तोंड बांधायचे तो विसरला.

साहेब आले, मोटारीतून उतरले, पांढरा सूट. स्वागतवाल्याने चार ओळींतल्या दोन म्हटल्या आणि घाबरून उरलेले क्रेओलमध्ये सांगितले. साहेब त्याच्याशी मराठीत बोलले ते त्याला कळेना, आमचे मराठी साहेबांना कळेना, शेवटी दोन्हीकडची अस्सल माणसे मोडक्या इंग्रजीवर आली. पण मग साहेब गणपतीसमोर आले. मूर्तीभोवती एक फेरी मारली, मग सोंडेकडे वाकून विचारले, ‘हे कोणी केले?’ राघूला मागच्या रांगेतून ओढून पुढे आणले. साहेबांनी त्याच्या घरी जाऊन सिमेंटच्या कागदावरची चित्रेही पाहिली. जाताना सांगून गेले की मुंबईच्या एका कलाशाळेत इथल्या एका मुलासाठी जागा आहे, राहणे-खाणे-शिकणे फुकट. सभेने चांगल्या चालीरीतीचे शिफारसपत्र द्यावे, बाकीचे ते बघतील.

राघू त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसला. मग म्हणाला, ‘थितं समुद्र हाय म्हंत्यात.’ मी म्हटले, ‘हाय.’ ‘मग ठीक,’ तो म्हणाला. मी माझ्या आयुष्यात कुठल्याही माणसाला एवढे सुखी पाहिले नाही. आणि मला त्याचा हेवा वाटला, हेही लिहून टाकतो, कारण आता लपवून कुणाकडून काय मिळवायचे आहे?

दुसऱ्या दिवशी इस्टेटीच्या लॉरीतून गणपती समुद्रावर नेला, झांजा, गुलाल, बायकांचे रडणे. छातीभर पाण्यात शिरून राघूने त्याला हलकेच सोडले. सगळे घरी आले आणि त्याच दिवशी संध्याकाळी गावभर माशाचा वास सुटला.

त्यानंतरच्या रविवारी सरदारांच्या ओसरीवर सभेचे पंच जमले. टेबलावर दोन पत्रे होती, दोन्ही माझ्या हातची, कारण पंचांत इंग्रजी लिहिणारे कुणी नव्हते. एक राघूचे. दुसरे माझे स्वतःचे. सरकार शाळांत मराठी शिकवायला माणसे घेणार होते आणि त्यासाठीही सभेची शिफारस लागायची. सरदारांनी आधी माझ्या पत्रावर सही केली, जीभ बाहेर काढून, सावकाश. राघू पायरीवर बसला होता. दुसरे पत्र त्यांनी पुढे ओढले आणि तेवढ्यात फाटकातून तोंतों गास्तों आत आला.

त्याच्या डोक्यावर काज्ये होते आणि हातात वेताला लटकवलेला चांगला हातभर लांब, लाल, ताजा मासा. बसच्या टपावर काज्ये टाकून म्हातारा एवढ्या लांब आला होता. किनाऱ्यावरचा कायदा तसा आहे. काज्ये ज्याचे, मासा त्याचा. दुसऱ्याचे काज्ये कुणी उचलत नाही, वाहून आले तर पोचवतात आणि आतला मासाही पोचवतात. गास्तोंने वीण पाहून ओळखले की हे राघूचे. पट्ट्यांत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या, गोणपाटाची एक चिंधी होती आणि मातीचा एक कान अजून शाबूत होता. म्हातारा खुशीत होता. क्रेओलमध्ये मोठ्याने म्हणाला, ‘राघू, तुमच्या देवाने मासा धरला बघ! पहिल्याच खेपेला!’

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखर वाटले की आम्ही मुद्दाम तसे करतो, देवाला समुद्रात सोडतो आणि देव मासा देतो. इतका सरळ अर्थ आमच्या धर्माचा कुणी त्याआधी लावला नव्हता आणि त्यानंतरही नाही. पंचांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एकाने कानावर हात ठेवले, एक उठून चूळ भरून आला. सरदार उभे राहिले.

‘राघू, ह्ये काय हाय?’

‘काज्ये हाय, बाबा.’

‘आमच्या गनपतीच्या पोटात?’

‘व्हय. नायतर चौघांना उचलला नसता. धुवून घातलं हुतं. तीन येळा.’

‘मासं धरायचं काज्ये! त्यो सायब त्याच्या पाया पडला! समदं गाव पडलं!’ सरदारांचा आवाज फाटला. ‘कुनी सांगितलं तुला ह्ये घालाया?’

मी दौतीकडे बघत होतो. दौतीच्या काचेत एक बुडबुडा होता, तो मला आजही दिसतो. माझे पत्र सही होऊन टेबलावर पडले होते, शाई अजून ओली होती. मी तोंड उघडले असते तर काय झाले असते? पंचांनी माझे पत्र फाडले असते, किंवा माझे इंग्रजी हवे म्हणून दोघांनाही माफ केले असते. बापाला सरदारांनी गाडीवरून काढले असते किंवा नसते. हा हिशेब मी त्या क्षणी केला आणि मूग गिळून बसलो. राघूने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर पंचांना कळले असते, म्हणून पाहिले नाही.

‘कुनी नाय,’ तो म्हणाला. ‘माजंच डोकं.’

‘घरी जा,’ सरदार म्हणाले. ‘आमी ठरवतो.’

तो काज्ये उचलून गेला. गास्तों बिचारा गोंधळून त्याच्या मागे गेला आणि जाताना मासा ओसरीच्या खांबाला टांगून विसरला. पंचांना ठरवायला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. सभा नाराज आहे, सभा शिफारस करू शकत नाही, साहेबांना तसे कळवावे, आणि एक प्रत राघूला द्यावी म्हणजे त्याला अद्दल घडेल. पत्र लिहायला मला मागे ठेवून घेतले. सरदार मराठीत सांगत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होतो. ते म्हणाले, ‘लिही, पोरगा वाईट वळणाचा हाय.’ मी ‘वाईट वळणाचा’ गाळून ‘स्वभावतःच अयोग्य’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घातला, कारण तो वाक्यात जास्त डौलदार दिसत होता. कुणी सांगितले नव्हते. माझी मीच सुधारणा केली. मला वाक्य आवडले होते.

मी दुसरी प्रत उतरवत असताना आतून फोडणीचा चर्र आवाज आला, मग लसूण, मग तळणीचा वास. खांबाकडे पाहिले तर वेत रिकामा होता. थोड्या वेळाने सरदारीणबाईंनी बशी आणून माझ्या कोपराशी ठेवली आणि म्हणाल्या, ‘खा रं बाळा, लिवून दमलास.’ देवाच्या पोटात सापडलेला तो मासा, ज्याच्यामुळे एका माणसाची जन्माची वाट बंद झाली, तो आबाजी सरदारांनी बोटे चाटून खाल्ला. आणि सरदारांना शिव्या देण्याचा मला फारसा हक्क नाही, कारण मीही खाल्ला. पंचांचा मला तिरस्कार वाटतो, त्यांच्या नातवांच्या भाषणांचा वाटतो. पण तो तिरस्कार वाटणारा माणूस, म्हणजे मी, सगळ्यांत जास्त मजेत जगला. मास्तर झाला, इन्स्पेक्टर झाला, मोका गावी दोन मजली घर बांधले. राघूने पुढची पन्नास वर्षे ऊस तोडला, होड्यांवर नावे रंगवली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. परत कधी त्याला गणपती करायला बोलावले नाही. त्या वर्षापासून आमचा देव पोर लुईच्या दुकानातून येऊ लागला, प्लास्टरचा, गुलाबी गालांचा. अस्सल.

ते पत्र मीच नेऊन दिले. तो अंगणात बसून बांबूच्या पट्ट्या सोलत होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून त्याने हात पुसले आणि म्हणाला, ‘वाच.’ मी पत्र साहेबांकडून आल्यासारखे समोर धरले आणि खोटे वाचले. म्हटले, औंदाच्या जागा भरल्यात, साहेबांना फार वाईट वाटले, पुढल्या वर्षी बघू असे लिहिले आहे. मी कागदाच्या ओळींवरून डोळे फिरवत होतो, म्हणजे वाचतोय असे वाटावे. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

मग त्याने हात पुढे केला आणि मला कागद द्यावा लागला. त्याने तो उजेडात धरला. त्याला शब्द वाचता येत नव्हते, पण रेघ वाचता येत होती. रेघ कुणाच्या हातची ते त्याला सांगावे लागत नसे. कितीतरी वेळ तो बघत राहिला, वरपासून खालपर्यंत, बोट शाईला न लावता. मग घडी घालून त्याने तो खिशात ठेवला आणि पुन्हा पट्टी हातात घेतली.

‘अक्षर लय झोली हाय तुजं, भिवा,’ तो म्हणाला. ‘येक ओळ वाकडी नाय.’

आणि मी, त्याच्यासमोर उभा राहून, ‘मेर्सी’ म्हणून त्याचे आभार मानले.